अध्यक्ष बांधाला लागले

मोरखार, वडखळजवळ, ता. पेण
ज्येष्ठ वद्य, मंगळवार

रा. रा. विष्णुव्याही, मुक्काम रोहा, यांना काळुरामचा हात जोडून रामराम. विहीणबाईंना नमस्कार, आणि त्यांच्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार (हल्ली घरात त्यांच्या विचाराने सगळं चालतं, असं भाविका म्हणते). जावईबापू प्रविण यांची धाटावच्या कंपनीतली रात्रपाळी सुटली का ते कळवावे. इकडे सगळं ठीक. फक्त आमच्या माजी अध्यक्षांचं विसर्जन झालं. घाबरू नका, माणूस धडधाकट आहे, काल मटणाच्या दुकानात पुढे घुसताना दिसला. फोनवरच सांगणार होतो, पण सांगायला लागलो की मला हसू फुटतं आणि तुम्हाला वाटतं खोकल्याची उबळ आली. म्हणून कागद घेतला.

दत्ताशेठ तुम्ही आपल्या भाविकाच्या लग्नात पाहिलेत. नवरानवरीपेक्षा जास्त हार ज्यांच्या गळ्यात होते, ते. आमच्या खारबांध समितीचे ते इतकी वर्षं अध्यक्ष होते की पोरांना ते त्यांचं आडनावच वाटायचं. खाडीचं खारं पाणी आणि आमचं भात यांच्यामध्ये हा एक मातीचा बांध, बाकी काही नाही. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की दोन-तीन पावसाळे जमीन रुसून बसते. माझ्या वडिलांच्या वेळी उधाणाची भरती आली की घरटी एक माणूस घमेलं घेऊन बांधावर हजर असायचा. दत्ताशेठनी समिती काढली आणि सांगितलं, तुम्ही कशाला चिखलात उतरता, समिती बघेल. ऐकायला गोड होतं. आम्ही पाय धुऊन वर आलो ते आलोच. तेव्हापासून दरवर्षी दुरुस्तीचं भूमिपूजन होतं. भूमी तीच, पूजन नवं. प्रत्येक पूजनाची कोनशिला बांधावर उभी आहे, आणि आज बांधाला दगड म्हणाल तर तेवढेच आहेत. चिंबोऱ्या-खेकड्यांनी आतून बिळं केलीत हे खरं, पण चिंबोरीला काय बोलायचं, ती निदान स्वतः खणते.

या खेपेला शेठ समितीच्या निवडणुकीत पडले. (पडल्यावर म्हणाले, मी निवृत्त झालो. आंबा पडला की म्हणतो का, मी निवृत्त झालो?) नव्या मंडळींच्या हाती कारभार जायच्या आत आपलं कार्य उभं राहिलं पाहिजे, म्हणून त्यांनी बांधावर स्वतःचाच पुतळा बसवायचं ठरवलं. पंचधातूला वेळ लागतो, तेव्हा तूर्त मातीचा, वरून पितळी रंग. आणि काम आलं माझ्याकडे! आता व्याही, माझा गणपतीचा कारखाना. या हातांनी दुसरं काही घडवलेलं नाही, साचेही तेच. बैठक घेतली, पोट घेतलं (ते फार बदलावं लागलं नाही), सोंड काढून नाक लावलं, उजवा हात आशीर्वादाचा होता तो तसाच ठेवला. डाव्या तळहातावरचा मोदक तेवढा काढला, तर हात पसरलेलाच राहिला. बघायला आलेले म्हणाले, "काळूदादा, तोंड नाय जमला, पन हात अगदी शेठचाच!"

पौर्णिमेला अनावरण. त्या दिवशी भर दुपारी उधाणाची भरती असते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल, पण शेठना मागे भरलेली खाडी फोटोत हवी होती. चौथऱ्यासाठी माणसं लावून बांधाचा माथाच खणलेला. पुतळ्यावरचा कपडा निघाला तशा बायका पुढे झाल्या. मातीची मूर्ती, रेखलेले डोळे, आशीर्वादाचा हात. त्यांनी सवयीने हळदकुंकू वाहिलं, कुणी दूर्वा ठेवल्या, बारकूबाय आत्याने निरांजन ओवाळलं. शेठना हे फारच आवडलं. ते माइकवर म्हणाले, "माझ्या काळात या बांधाला एक खांड गेली नाय!" आणि चौथऱ्याखालून पाणी बुडबुडलं. आधी बोटभर, मग मांडीएवढी धार, मग बांध फुटून खांडच पडली. सगळ्यात पुढचं शेत माझं.

गंमत बघा. सगळे उभे, आणि सगळे समितीकडे बघतायत. समिती शेठकडे बघतेय. शेठ फोटोवाल्याकडे. एवढ्यात बारकूबाय ओरडली, "बगताव काय रं नुसतं? उचला त्याला न् टाका खांडीन!" आम्ही आठ-दहा जणांनी पुतळा उचलला. शेठ किंचाळले, "अरे, तो मी हाय!" माझ्या कारखान्यातला जनू म्हणाला, "म्हनूनच शेठ. तुमी कशाला चिखलान उतरताव, आमी बगतो." मूर्ती खांद्यावर आली तशी सवयीने कुणीतरी "मोरया" म्हटलं, आणि सगळा बांध मोरया, मोरया करत धावला. पण खोटं सांगत नाही व्याही, "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणायची वेळ आली तेव्हा एकाचीही जीभ उचलली नाही.

पुतळा खांडीत बसला, वर मंडपाचे बांबू, गोणी, सतरंज्या आणि हाताला लागेल ती माती. पाणी थांबलं. शेत वाचलं. एवढ्या वर्षांत शेठकडून बांधाला मिळालेली ही पहिली माती. त्यांची कारकीर्द वाईट होती असं आता मी कुठे बोलणार नाही, शेवट उपयोगी झाला. पण खरं दुखतं ते वेगळंच. चिखलात उतरल्यावर कळलं की आमच्यातल्या निम्म्यांना घमेलं कसं धरायचं ते आठवत नव्हतं. बांध त्यांनी बिघडवला, पण हात आमचे बिघडले.

लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार.

आपला,
काळुराम

ता. क. : शाडूची माती पाण्यात किती टिकणार? अमावास्येचं उधाण आलं की शेठ विरघळणार आणि माझं शेत जाणार. तेव्हा प्रविणला दोन दिवसांची रजा टाकायला सांगा, चार मित्र आणि घमेली घेऊन यावं. जेवण आमच्याकडे.

ता. क. २ : नवा अध्यक्ष कोण ते लिहायचं राहिलं. मीच. लोकांनी फारच आग्रह केला. त्यामुळे मला चिखलात उतरणं बरं दिसणार नाही. बांधावर खुर्ची आणि छत्री सांगितली आहे, मी वरून बघेन.

ता. क. ३ : वरचा मजकूर हिने वाचला. खुर्ची मंडपवाल्याला परत नेऊन दिलीन. येताना प्रविणची एखादी जुनी अर्धी चड्डी माझ्यासाठी आणावी. कंबर सैल असली तरी चालेल, नाडी इथे आहे.