सही जुळत नाही

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही, आणि तो जावा म्हणून मी हे लिहीतही नाही. परवा बँकेत एक फॉर्म भरताना काउंटरवरच्या मुलीनं मला दोनदा सांगितलं, मॅडम, सही नीट करा, आधीच्यासारखी येत नाहीये. तिला काय सांगणार? म्हणून तुम्हाला सांगते. तुम्हाला ऐकून घ्यायची सवय नव्हती, आपल्याला नको तो विषय निघाला की तुम्ही ताटावरून उठायचात. आता उठून जाता येणार नाही.

मी पंधरा वर्षांची असल्यापासून तुम्ही मला कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायला शिकवलंत. डोंबिवलीच्या आपल्या दोन खोल्या, रविवारची सकाळ, खाटेवर पसरलेली ती गुळगुळीत कागदाची पुस्तकं. तुम्ही ठाण्याला पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होतात, त्यामुळे तुमचा भरवसा फक्त जमिनीत रोवलेल्या वस्तूंवर होता. वीज, सिमेंट, बंदरात माल चढवणारी एक कंपनी. साबण, कापड, औषधं यांच्याकडे तुम्ही ढुंकून पाहत नव्हतात. नफ्याचा आकडा कुणीही छापतो, लाभांश मात्र रोख द्यावा लागतो, असं म्हणायचात. सलग दहा वर्षं लाभांश दिलेला हवा, एकही वर्ष चुकलेलं नको. कर्ज काढून लाभांश वाटणारी कंपनी ओळखायला तुम्ही मला शेवटची पानं आधी उघडायला लावायचात. एका कंपनीत पाव हिश्श्यापेक्षा जास्त पैसा अडकवायचा नाही, आलेला लाभांश खर्चायचा नाही, त्याचे पुन्हा शेअर घ्यायचे, आणि भाव वाढला म्हणून काहीही विकायचं नाही. एकदा तुम्ही मला कल्याणच्या पुढे माळरानावर नेलंत, विजेचे मनोरे दाखवायला. ‘ह्या तारेत थोडा भाग आपला आहे,’ म्हणालात. मी खूष झालेले. तेही लिहायला हवं, नाहीतर मी खोटी ठरेन.

पण त्या तारेतला भाग आपला नव्हता, आईचा होता. आईचं माहेर माजिवड्याच्या पुढे खाडीच्या बाजूला. थोडी भातशेती, थोडं मिठागर. हायवेच्या कामात जमीन गेली तेव्हा लग्न झालेल्या बहिणीला कशाला हिस्सा, असं सगळे मामाला सांगत होते. मामानं ऐकलं नाही. पैसे घेऊन तो स्वतः डोंबिवलीला आला, आईच्या हातात दिले आणि चहाही न पिता गेला. ते पैसे आईकडे आठवडाभरसुद्धा राहिले नाहीत. बायका सोनं घेतात आणि सोनं पडून राहतं, असं म्हणून तुम्ही ते घेतलेत आणि तिच्या नावानं शेअर विकत घेतलेत. नातेवाइकांत मात्र छाती काढून सांगायचात, सगळं हिच्याच नावावर आहे, माझं काही नाही.

वार्षिक सभेची निमंत्रणं तिच्या नावानं यायची आणि जायचात तुम्ही, तिचा प्रतिनिधी म्हणून. एकदा मलाही नेलंत. मुंबईतलं ते थंडगार सभागृह, लाल खुर्च्या. तुम्ही उठलात, माइक हातात घेतलात आणि इंग्रजीत अध्यक्षांची स्तुती सुरू केलीत. माझ्या पत्नीच्या वतीनं आभार मानतो, म्हणालात. घरी तुम्ही तिला कधी नावानं हाकसुद्धा मारली नव्हतीत. सभा संपल्यावर मिळालेला खाऊचा डबा तुम्ही घरी आणलात, समोसा, वेफर्स आणि बर्फीचा तुकडा, आणि ओट्यावर ठेवून म्हणालात, घे, तुझ्या कंपनीनं पाठवलंय. तिनं बर्फीचे दोन भाग केले, एक तुम्हाला, एक मला. तुम्ही हसलात. मीही हसले.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा गाळ्याची गोष्ट निघाली. आई शेजारच्या नोकरी करणाऱ्या बायकांना पोळ्या करून द्यायची. दहा घरं होती, मग वीस झाली, ओट्यावर जागा पुरेना. मामाच्या ओळखीचे एक म्हातारे गृहस्थ स्टेशनजवळचा त्यांचा गाळा विकणार होते आणि दिवाळीपर्यंत थांबायला तयार होते. शेअरचे भाव तेव्हा असे चढत होते की इस्त्रीवालाही कपडे देताना सिमेंटचं विचारायचा. तुम्ही जेवत होतात. आई पोळी वाढता वाढता म्हणाली, ‘अर्धे शेअर विकूया का? माजेच हायत ना ते?’

तुम्ही वरही पाहिलं नाहीत. ‘पोळ्या लाटायला गाळा कशाला लागतो? ओटा आहे की.’

एवढंच. दहा वर्षांचा लाभांश, वाढता नफा, यातलं काहीच तुम्ही तिला सांगितलं नाहीत. ते सगळं तुम्ही मला सांगत होतात. तिच्यासाठी ओटा पुरेसा होता.

चार दिवसांनी तुम्ही कामावर गेल्यावर आईनं कपाट उघडलं, आम्ही वीज कंपनीचे कागद पिशवीत घातले आणि ठाण्याला कोपरीत एका दलालाच्या खोलीवर गेलो. भला माणूस होता. आईला पंख्याखाली बसवलं, ट्रान्सफर फॉर्म समोर ठेवले आणि कंपनीत सही पटली की पैसे देतो म्हणाला. आईनं सही केली. तुम्ही तिला सही करताना कधी नीट पाहिलंयत का? चौथीपर्यंत शिकलेली बाई. आधी वरची रेघ आखायची, मग तिला एकेक अक्षर टांगायची, सावकाश, जीभ दातांत धरून. एक अक्षर चुकायचं नाही. परत येताना तिनं मला तो गाळा बाहेरून दाखवला. शेगडी कुठे ठेवणार तेही बोटानं दाखवलं.

दीड महिन्यानं कागद परत आले. वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर शेरा होता, सही जुळत नाही. काहीतरी घोटाळा झालाय असं समजून मी तुमच्या कपाटातल्या, शेअर घेतानाच्या जुन्या अर्जांच्या प्रती काढल्या. प्रत्येकावर आईचं नाव होतं, मराठीत, तिरकं, एका झटक्यात ओढलेलं, शेवटी खाली लांब शेपूट. अक्षर तुमचं होतं. एकेक करून सगळे पाहिले. इतक्या वर्षांत एकदाही तुम्ही तिच्यापुढे कागद ठेवला नव्हतात. आई शेजारी येऊन उभी राहिली. त्या शेपटावरून तिनं बोट फिरवलं आणि मला विचारलं, ‘ही कोन बाय?’

संध्याकाळी मी तुम्हाला जाब विचारला. तुम्ही हात पुसत होतात. तिला वेळ लागतो, अर्जाची मुदत निघून जाते, त्यात एवढं काय झालं, म्हणालात. बँकेच्या मॅनेजरपुढे सही करून तिची खरी सही कंपनीला कळवता येते, हे दलालानं मला सांगितलं होतं, ते मी तुम्हाला सांगितलं. तो मॅनेजर माझ्या ओळखीचा आहे, त्याच्यापुढे शोभा करून घेणार नाही, असं उत्तर आलं. आणि मग आत जाताना, मागे न बघता: ‘विकायचेच असतील तर तिला माझ्यासारखी सही करायला शिकव.’

तुम्ही ते टोचून बोलला होतात. मी खरं धरलं. दिवाळी जवळ आली होती, मला दुसरं काही सुचलं नाही. मी आईला समोर बसवून जुन्या पाकिटांच्या पाठीवर तुमची ती तिरकी सही गिरवायला लावली. रेघ आधी नको, आई. पेन उचलू नकोस. शेपूट अजून लांब. दहा दिवस रोज दुपारी, हाताला लागलेलं पीठ धुऊन, ती स्वतःचं नाव दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं काढत राहिली. कागद पुन्हा गेले आणि पुन्हा परत आले. गाळ्यात दिवाळीच्या पाडव्याला व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी उघडली. आईनं पिठाचा डबा ओट्याखाली सरकवला आणि वीस घरांच्या पोळ्या करत राहिली.

पुढच्या वर्षी भाव कोसळले. इमारतीत दोन घरांत रडारड झाली. आपल्याकडे नेहमीच्या महिन्यात लाभांशाचं पाकीट आलं, मागच्या वर्षीपेक्षा थोडा जास्तच. ते तुम्ही आईसमोर धरलंत आणि म्हणालात, बघ. हे मला सगळ्यात जास्त झोंबतं. कंपन्या निवडण्यात तुमची चूक नव्हती. तुमचा एकही नियम खोटा ठरला नाही. तुम्ही तोंडघशी पडला असतात तर मला तुम्हाला माफ करणं सोपं गेलं असतं.

आईनं त्यानंतर सही केली नाही. माझं लग्न नोंदणी पद्धतीनं झालं, साक्षीदार म्हणून तिचं नाव होतं. कारकुनानं पेन पुढे केलं तर तिनं शाईचा पॅड मागितला. सही येत असून तिनं अंगठा उठवला, सगळ्यांच्या देखत. कारकून म्हणाला, ताई, बोट पुसायला कागद घ्या. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. तुमच्या तोंडून त्या दिवशी एक शब्द निघाला असता तरी चाललं असतं.

मग तुम्ही गेलात, कल्याणच्या इस्पितळात, तीन दिवसांत. तेरावा झाल्यावर मी आईला बँकेत घेऊन गेले. पेन हातात घ्यायला तिला बरंच समजवावं लागलं. मॅनेजरनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिनं वरची रेघ आखली आणि सावकाश एकेक अक्षर लावलं. त्यानं शेजारी स्वतःची सही केली, शिक्का मारला, पत्र पाकिटात घालून दिलं. पंधरा मिनिटं लागली. शोभा झाली नाही. तुमच्याविषयी तो एक अक्षर बोलला नाही. बाहेर आल्यावर आईनं विचारलं, ‘येवढाच होता?’

हे तुम्हाला पाठवता येणार नाही ते बरंच आहे, कारण पुढचं तुम्हाला कळावं असं मला वाटत नाही. बँकेतून घरी येताना आई म्हणाली, मागच्या गल्लीत एक लहान गाळा रिकामा आहे, आता विकूया. आणि मी म्हणाले, आत्ता भाव उतरलेत आई, दोन महिन्यांनी लाभांश आहे, तो घेऊ आणि मग बघू, थोडं थांब. ती बरं म्हणाली. तुम्हाला म्हणायची तसंच. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही. शेअर अजून तसेच आहेत, लाभांश माझ्या खात्यात येतो. त्या दिवशी मी तिला भाव उतरलेत म्हणाले, पण भाव काय होता हे मी पाहिलंच नव्हतं.