निखिलचा हात आणि तुमचं खोटं

डब्लिन, ओहायो

अहो,

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. तुम्ही गेलात त्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांनी त्रिसरण म्हटलं, तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलले, आणि मीही रडले. पण गेल्या आठवड्यात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला आपला निखिल घरी आला, त्यानं मला एक गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून तुमच्या फोटोसमोर मला उभं राहवत नाही. म्हणून लिहायला बसले. तुम्ही असतात तर मी तोंडावर ओरडले असते!

आठवतंय का, कोच केलर आपल्या घरी आले होते ते? निखिल तेव्हा हायस्कूलच्या बेसबॉल टीमचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. फॉल, म्हणजे पानगळीचा मोसम, संपत आला होता. एवढा उंच माणूस आपल्या किचनच्या खुर्चीत अवघडून बसला होता. मी चहा दिला तर आलं लागून खोकला, तरी कप संपवला. म्हणाला, "मिस्टर रामटेके, आता ख्रिसमस होईपर्यंत निखिलनं बॉल हातात घ्यायचा नाही. पळू दे, पाय मजबूत करू दे, बास्केटबॉल खेळू दे. भरपूर जेवू दे, झोपू दे. पिचर हिवाळ्यात घडतो, पण बॉल टाकून नाही."

मग त्यानं आणखी एक सांगितलं. सीझन नसताना पिचिंग शिकवायला त्याला शाळेच्या नियमानं परवानगी नव्हती. "जिम मी उघडी ठेवीन. बाकी तुमच्या भरवशावर."

तुमच्या भरवशावर! तुम्ही मान डोलावलीत, दारापर्यंत पोचवायला गेलात, हात मिळवलात. आणि दार लावून मला म्हणालात, "विश्रांती त्यांच्या पोरांना परवडते, आपल्याला नाही."

हे वाक्य कुठून आलं ते मला कळतं हो. नागपुरात तुमच्या वर्गात तुम्हाला मागच्या बाकावर बसवलं, आणि तुम्ही दुप्पट अभ्यास करून सगळ्यांच्या पुढे गेलात. एकट्यानं या देशात आलात. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. पण पोराचं कोपर म्हणजे अभ्यास नव्हे! ते दुप्पट वापरलं तर दुप्पट होत नाही, फाटतं.

दुसऱ्या आठवड्यात बेसमेंटच्या भिंतीला जुनी गादी उभी राहिली. तुम्ही ऑफिसातून आलात की टाय न काढता खाली जायचात. धप्प. धप्प. वर माझ्या मांडणीतली भांडी वाजायची. कॉलेजच्या टीममध्ये निवड व्हावी म्हणून तिथल्या कोचना पाठवायला तुम्ही त्याच्या व्हिडिओ कॅसेट काढत होतात. मी जिन्यात उभी राहून किती वेळा म्हटलं, "अहो, कोच नको म्हणाले ना?" तुमचं उत्तर ठरलेलं. "तुला बेसबॉलमधलं काय कळतं?"

काही कळत नव्हतं. पण पोरगं जेवताना डाव्या हातानं चमचा धरायला लागलं, ते कळत होतं. विचारलं तर म्हणायचा, "आय ॲम फाइन, मॉम."

सीझनच्या सुरुवातीच्याच एका मॅचमध्ये त्यानं बॉल टाकला आणि कोपर धरून खाली बसला. मी स्टँडमध्ये होते. तुमच्या आधी कोच धावले. लिगामेंट फाटलं होतं. ऑपरेशन झालं, आणि त्याचं पिचिंग संपलं.

आणि मग तुम्ही शाळेच्या लायब्ररीत, पालकांच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभे राहून म्हणालात की, कोचनं माझ्या मुलाला वाट्टेल तसं राबवलं, त्याचा हात मोडला. मी त्या दिवशी कामावर होते. तुम्ही घरी येऊन सांगितलंत तेव्हा मी विचारलं, "आणि बेसमेंट?" तुम्ही म्हणालात, "त्याचा काही संबंध नाही." वरण वाढायला सांगितलंत. शाळेनं कोचकडून टीम काढून घेतली, आणि तुम्ही शांतपणे जेवलात!

मला वाटायचं, तुमचा खरंच तसा समज आहे. बापाचं मन, दुसरीकडे दोष शोधतंय. एवढी सूट मी तुम्हाला दिली होती.

त्या सुट्टीत निखिल भांडी पुसता पुसता म्हणाला, "मॉम, बाबा न्यू. त्यांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"त्या जानेवारीतच मी सांगितलं होतं, कोपर दुखतंय. बाबा म्हणाले, कोचला सांगू नकोस, तो तुला बाहेर बसवेल." पुसलेलं ताट मांडणीत ठेवत म्हणाला, "कोच रोज विचारायचे, हात कसा आहे. आणि मी रोज खोटं बोलायचो. बाबांसाठी."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! ठाऊक असून लायब्ररीत उभे राहिलात? पोराला खोटं बोलायला लावलंत, आणि त्याच खोट्यावर एका भल्या माणसाची टीम घेतलीत?

आज मी शाळेत गेले. कोच केलर आता पोरांना गाडी चालवायला शिकवतात. पार्किंग लॉटमध्ये खुणेचे प्लॅस्टिकचे कोन मांडत होते. माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. हातातला कोन त्यांनी खाली ठेवला. पहिला प्रश्न काय विचारला असेल? "निखिलचा हात आता कसा आहे?"

मग म्हणाले, "मिसेस रामटेके, तुमच्या मिस्टरांचं त्याच्यावर फार प्रेम होतं."

मला इतका संताप आला! हे वाक्य मला नको होतं. त्यांनी तुम्हाला शिव्या द्यायला हव्या होत्या. तुम्ही ज्याचं नाव मातीत घातलंत, तो तुमची बाजू घेतोय, आणि मी, तुमची बायको, घेऊ शकत नाही. हे तुम्ही माझ्या वाट्याला ठेवून गेलात. माफी मागायला तरी थांबायचं होतं! कुणाची मागू मी, कुणाच्या वतीनं?

गुरुवारी शाळेत पालकांची मीटिंग आहे. निखिल सोबत येतोय. मी उठून उभी राहीन आणि बेसमेंटबद्दल, जानेवारीबद्दल सगळं सांगेन. व्याकरण चुकेल, चुकू दे. लोक तुम्हाला नावं ठेवतील, तीही मी ऐकून घेईन. पण त्या माणसाबद्दल तुम्ही बोललेलं एकही खोटं वाक्य मी या गावात उभं राहू देणार नाही. हा शब्द तुम्हाला देते, तुम्ही मागितला नसला तरी.

तुमचीच,
सुनंदा