एकशेविसावी जागा

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (पत्रात वाकणं सोपं जातं, समोर असलीस की आपण भांडतो.) तुझी कंबर कशी आहे? बाबांना झोप लागते का? मी बरा आहे. टपालाने न येता दाराखालून आलेलं पत्र पाहून तू चक्रावशील, म्हणून आधीच सांगतो: मी तीन दिवस याच गावात आहे, मित्राच्या खोलीवर. घरी आलो नाही. तोंड दाखवायला जागा नव्हती, असं समज.

मी तुझ्या कॉलेजात बदली मागितली आहे. बेत सरळ होता. सकाळच्या सत्रात मी वर्गात बसेन, दुपारपासून बाबांपाशी, म्हणजे तू अर्धा दिवस मोकळी. ते अंथरुणाला खिळल्यापासून दोन वर्षं तू एकटी निभावते आहेस, आणि मी लांबच्या कॉलेजात बसून फोनवर ‘काळजी घे’ म्हणतो. (हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं आहे की खोलीतला सोबतीही ते झोपेत म्हणतो.) तुझं कॉलेज दुसऱ्या वर्षातच थांबलं, आणि यात तुझ्या मागे असलेला मी तुझ्याच वर्गात येऊन पोचलो. मलाही ते बरं वाटत नाही.

बदलीच्या खिडकीवर एक वयस्क कारकून बसतात. चष्म्याला दोरी आहे, पण चष्मा नेहमी दुसऱ्या टेबलावर असतो. दुसऱ्या वर्षाला दोन्ही सत्रं मिळून एकशेवीस जागा आहेत आणि एकशेवीस भरल्या आहेत, असं त्यांनी सांगितलं. कुणी सोडून गेलं तरच बदलीवाल्याला जागा, तीही शनिवारपर्यंत. प्रतीक्षा यादीत मी पहिला आहे (दुसरा कुणी नाही). शक्यता किती, असं विचारल्यावर ते म्हणाले, मी कारकून आहे, ज्योतिषी नाही, आणि पेन्सिलीला टोक करू लागले.

तेव्हापासून मी लोकांचं वाईट चिंतू लागलो. फाटकापाशी उभा राहून दुसऱ्या वर्षाच्या पोरांचे चेहरे पाहायचो: कोण खोकतंय, कोण कंटाळलंय. पाय प्लॅस्टरमध्ये असलेला एकजण दिसला, तेव्हा मी त्याची इतक्या आपुलकीने विचारपूस केली की त्याला गहिवरून आलं. मित्र त्याला रोज उचलून वर्गात आणतात. असे मित्र कशाला असावेत माणसाला? एक मुलगी फोनवर बोलता बोलता रडू लागली. मी जाऊन शेजारी उभा राहिलो. तिच्या घरचं मांजर गेलं होतं. मी ‘अरेरे’ म्हटलं आणि ते खरंच मनापासून होतं, कारण मांजरासाठी कुणी कॉलेज सोडत नाही.

आज सकाळी कारकुनांनी स्वतः हाक मारली. चष्मा सापडला होता. हजेरीपटात बोट ठेवून म्हणाले, एक नाव आहे, दोन वर्षं आलेलं नाही, पण दर वर्षी अर्ज येतो की जागा राखून ठेवा. तिने सोडल्याची सही दिली तर आजच्या आज तुमचं काम होईल. मग त्यांनी नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“आडनाव एकच आहे. नात्यातली का?”

“नाही,” मी म्हटलं.

का म्हटलं, ते मलाही कळलं नाही. ते म्हणाले, असू दे, एका आडनावाची पुष्कळ माणसं असतात. ओळख काढा आणि सही आणा. आणि त्यांनी मला कोरा फॉर्म दिला, दोन प्रतींत.

तू दर वर्षी अर्ज देतेस, हे मला माहीत नव्हतं. तू तर म्हणाली होतीस, आता कसलं कॉलेज.

बाकी सर्व ठीक. कंबरेला शेक घेत जा.

तुझा धाकटा

ता. क. : खरं काम एवढंच. सोबतच्या फॉर्मवर पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर. मला प्रवेश मिळाला की अर्धा दिवस तरी मी घरी असेन, तुला तेवढीच उसंत.

ता. क. दुसरा : फॉर्म पाकिटात शोधू नकोस. घातला होता, डिंक लावण्याआधी काढून घेतला. काल एवढं लिहून झाल्यावर संध्याकाळी घरावरून गेलो होतो. तू गॅलरीत कपडे वाळत घालत होतीस आणि कठड्यावर पुस्तक उघडं होतं, पानांना चिमटे लावलेलं. दुसऱ्या वर्षाचं. एक कपडा, चार ओळी, असं चाललं होतं. बादली रिकामी होईपर्यंत मी समोरच्या दुकानाच्या पायरीवर उभा होतो. आज कारकुनांना सांगून आलो की ती माझी सख्खी बहीण आहे आणि सोमवारी वर्गात येते आहे. ते म्हणाले, मग तुमची शक्यता संपली. माझ्या कॉलेजला मी वर्षभराच्या रजेचा अर्ज पाठवला आहे. तिथेही जागा राखतात म्हणे. रविवारी सकाळी घरी येतो. दिवसभर मला सगळं शिकव. बाबांना उठवताना आधी कुठला हात धरायचा, औषध जेवणाआधी की नंतर, आणि तू वर्गात असताना ते तुला हाक मारू लागले, तर ओ मी द्यायची का.