काजळीवरचे खडे

प्रिय धाकटे,

थोरलीचा आशीर्वाद. मागच्या पत्राने तुझी झोप उडाली असेल, म्हणून आधीच सांगते, नोकरी शाबूत आहे. आईलाही सांग.

मी ज्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुते, तिथल्या मॅडम काजळीवर जस्ताच्या भस्माचे खडे, स्फटिक म्हणतात ते, वाढवतात. काजळी साधी नव्हे, केसाहून कितीतरी बारीक नळ्या आहेत म्हणे. सोमवारी त्यांची बरणी बेसिनपाशी दिसली. काळं भांडं मला बघवत नाही, तुला ठाऊकच आहे. वरचं पाणी ओतून टाकलं आणि घासणी उचलली, तोच मॅडम ओरडल्या, “मावशी, थांबा!”

त्यांची तीन महिन्यांची मेहनत होती. आता नोकरी जाणार, असंच वाटलं. तेव्हाच तुला लिहिलं.

काल त्यांनी बोलावलं. म्हणाल्या, “पाणी ओतायचंच होतं. खडे काजळीला घट्ट धरून आहेत. घासणी लागली असती, तर मात्र सगळं गेलं असतं.”

“मग चार दिवस तोंड का शिवलं होतं?” मी विचारलं.

“तपासल्याशिवाय काय सांगू?” त्या हसल्या. मग यंत्रातला फोटो दाखवला. काळ्या दोऱ्यांवर पांढरे दाणे, ओळीने चिकटलेले. खरंच छान दिसत होते.

आईचा गुडघा कसा आहे? खरं लिही, मला फसवू नकोस.

आणि तुझ्या चहाच्या काळ्या टोपावरून मी आजवर फार बोलले. आता बोलणार नाही. पण घास बाई तो, त्यात काही उगवायचं नाही.

तुझी,
थोरली