विहीणबाईंनी मागितलेली कणसं

प्रिय ताई,

राग आला तरी शेवटपर्यंत वाच, मग हवं तर चुलीत घाल. एकाच डोंगराखाली राहून मी तुला पत्र लिहितेय, याचंच तुला हसू येईल. पण समोर यायला तोंड नाही मला.

आधी चांगली बातमी. ओतीलियाचं लग्न ठरलं. मुलगा अबेलिनो, नदीच्या वरच्या अंगाला राहणारा. घरचं शेत आहे आणि अजून मकाच पेरतात. पोरगी खुशीत आहे. रोज आरशासमोर वेणी घालते आणि मोडते.

आमचं तुला ठाऊकच आहे. क्रिसांतो, पोरीचा बाप, रोज सकाळी आपल्याच जुन्या शेतात मजुरीला जातो. घेवडा जिथे पेरायचो तिथे आता पामचे घड तोडतो, मुकादमाच्या शिव्या खातो. शेत पामच्या कंपनीला विकताना मीच त्याच्या मागे लागले होते. पामच्या तेलावर परदेशात मोटारी चालणार, म्हणजे कामाला मरण नाही, असं दलाल सांगायचा आणि मला ते पटायचं. तुझी नदीवरची वाट आमच्या शेतातून जाते, हे माझ्या लक्षातच आलं नाही. खोटं कशाला बोलू, आलं होतं. कंपनीचं फाटक बसल्यावर तू डोक्यावर धुणं घेऊन वळसा घालून जायचीस, आणि मी दार लावून घ्यायचे.

मका आता लासारोशेठच्या दुकानातून आणते. भाव उतरायचं नावच घेत नाही. तो तोलता तोलता सगळ्यांसमोर म्हणतो, "तिकडे उत्तरेच्या देशांत मक्याचं इंधन करतात, मोटारी मका पितात, इकडे तुमची शेतं मोटारींना गेली. आता भाकरी कोणाच्या वाट्याला येणार, बाई? शेत विकून मका विकत घेणारी गिऱ्हाइकं, देवाचीच कृपा माझ्यावर!" सगळे हसतात. मीही हसते.

गेल्या रविवारी व्याही आले, रीतीप्रमाणे कोको आणि मेणबत्त्या घेऊन. मी टर्कीचा लाल रस्सा केला, भाकऱ्या थापल्या, अर्थात दुकानातल्याच मक्याच्या. विहीणबाई मार्सेलिना फार मोकळ्या स्वभावाच्या. पहिलीच भाकरी मोडून म्हणाल्या, "आमच्या गावात निम्मी घरं आता दुकानाचं खातात हो. ज्यांनी विकलं त्यांच्या घरची मुलगी करायची नाही, असं आमच्या ह्यांनी ठरवूनच टाकलंय. स्वतःचं गेलं ते गेलं, शेजाऱ्याच्या वाटा बंद केल्या. तुमचा मका घरचाच ना?" ओतीलिया माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, घरचाच. क्रिसांतो उठून बाहेर गेला.

तेवढ्यावर भागलं असतं. पण त्या म्हणाल्या, "मग तुमच्या चुलीवरची कणसं द्या मुलीबरोबर. तिच्या पहिल्या पेरणीला आईचंच बियाणं हवं." आपल्या आईनेही तुला-मला तशीच दिली होती, धुराने काळी झालेली. तुझी अजून चुलीवर टांगलेली असतील. माझी नाहीत, ताई. भाव चढला त्या पावसाळ्यात मी ती उतरवली, सोलली, दळली आणि आम्ही खाल्ली. बियाणं खाल्लं मी. आई असती तर तिने मला दारात उभं केलं नसतं.

म्हणून लिहितेय. तुझ्या चुलीवरची थोडी कणसं दे. ओतीलिया तुझीही मुलगीच आहे, आणि ते बियाणं आईचंच आहे, एवढं तरी खरं आहे. लग्नात विहीणबाई तुझ्याजवळ कौतुक करतील, आमच्या शेताबद्दल विचारतील. खोटं बोल असं मी कोणत्या तोंडाने सांगू? तू ते बोलणारही नाहीस. तेवढ्यापुरती भाकरी उलटायला म्हणून उठून जा. आणि तेही तुझ्याने होणार नसेल, तर ताई, तू लग्नाला येऊ नकोस. कणसं मात्र पाठव.

तुझ्या पाठची आणि तुझीच,
रोसेंदा