शेवाळ कधी घालायचं

४ जून
पहिला घाणा वाया गेला. माझ्या नवऱ्याची, फेस्टीची बिअर काचेसारखी असायची. पेल्यातून पलीकडची खाडी दिसायची! माझी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. शेजारचा कोलमन चाखायला आला. पेला उजेडात धरला, एक घोट घेतला आणि म्हणाला, "बेबीन, यात बांगडे असतील का गं?" तरी मेल्याने तीन पेले संपवले.

चुकलं ते शेवाळ. त्याच्यानेच बिअर नितळते. वाळवून दरवर्षी मीच ठेवते — ओहोटीला खडकांवरून खुडायचं, गवतावर पसरायचं, लालाचं पांढुरकं होईपर्यंत ऊनपाऊस खाऊ द्यायचा. पण जवाचं पाणी उकळत असताना ते नेमकं कधी टाकायचं, ते फेस्टी जाणे. मागच्या खोपटात त्याने मला कधी लुडबुड करू दिली नाही. मी या खेपेला गॅस बंद केल्यावर टाकलं.

विचारावं तर हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याच्या तोंडून शब्द नाही. हातपाय बरेचसे परत आले, समज शाबूत आहे. बोलणं तेवढं कुठे जाऊन बसलंय. लग्नाच्या दिवसापासून मला 'म्हातारे' म्हणणारा माणूस! तेव्हा मी पंचविशीतही नव्हते. आता खरी म्हातारी झाले तर हाक नाही.

ऑगस्टात होड्यांच्या शर्यती. त्या दिवशी सगळं गाव आमच्या अंगणात प्यायला येतं. यंदा राहू दे, म्हणतात सगळे. का म्हणून?

९ जून
गॉलवेहून बोलणं शिकवणारी पोरगी आली होती. चित्रं दाखवली — मांजर, चमचा, छत्री. फेस्टीने मान फिरवली ती फिरवलीच. जाताना दारात तिने सांगितलं की ज्या गोष्टीवर यांना गप्प बसवतच नाही, तिच्याबद्दल बोलत जा. खरं आहे तिचं. चमच्यावर कोण कशाला बोलेल?

१८ जून
आज हसून हसून पोट दुखलं!

दुसऱ्या घाण्यातलं यीस्ट मला जरा सुस्त वाटलं. फळीवर त्याच्या खाऊचा डबा होता, पांढरी पूड. उपाशी असेल बिचारं, म्हणून पिंपाचं झाकण काढलं आणि दोन चमचे कोरडेच वर भुरभुरले. अगं बाई! पिंप फुसफुसलं, फेस काठावर, काठावरून स्टुलावर, स्टुलावरून थेट माझ्या सपातांत! कोंबड्या धावत आल्या आणि फेस टिपायला लागल्या. तांबडी तर पुढे संध्याकाळपर्यंत भिंतीला टेकून उभी होती.

वळून पाहते तर फेस्टी दारातल्या खुर्चीत, खांदे गदागदा हलतायत, डोळ्यांतून पाणी. मला वाटलं पुन्हा झटका! पण हसत होता. आवाज नाही, पण हसत होता. मग मी फेसात तशीच बसले आणि मीही हसले.

कोलमनचं म्हणणं, पूड उकळतानाच शेवटी शेवटी टाकायची, ऐन रंगात आलेल्या पिंपात नाही. मग आधी का नाही बोललास? तर म्हणे, तू विचारलंस कुठे. आणि शेवाळ? त्याने हात वर केले. ते फेस्टीने स्वतःच्या सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं म्हणे.

२ जुलै
तिसरा घाणा. आज फेस्टीची खुर्चीच खोपटात ओढून घेतली.

उकळी फुटली, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं टाकली, भिजवलेलं शेवाळ मुठीत घेतलं — आणि मागून फेस्टीची काठी आपटली. धाडकन! बघितलं तर मान जोरजोरात हलवतोय. बरं बाबा, थांबले. काचेवर वाफ धरली, चहा झाला, पुन्हा मूठ उचलली. पुन्हा काठी! वाटलं, हा मला नुसता नाचवतोय. उकळायचा शेवटचा पाव तास उरला तेव्हा तिसऱ्यांदा वाकले. काठी गप्प. मान हळूच खाली.

म्हणजे तेव्हा! एवढंच होतं, आणि केवढं लपवून ठेवलं होतं.

२० जुलै
नितळ! कोलमनने पेला डोळ्यांसमोर धरला. "पलीकडे माझी बायको स्पष्ट दिसतेय," म्हणाला. "गढूळच बरी होती."

फेस्टीने पेला फिरवून फिरवून पाहिला. चेहऱ्यावर काय तो तोरा! जसा काही हा घाणा त्यानेच केला.

शर्यतीपुरतं झालं. मला आता सगळं कळलंय, म्हणजे त्याला विचारायचं काही उरलं नाही. हेच बरं नाही. काहीतरी विसरायला हवं.

२३ जुलै
पहिल्याच उकळीला शेवाळ उचललं. काठी! मी साळसूदपणे, "का रे? आत्ताच ना?" चेहरा लालबुंद. घशातून "अं!" आलं. मी खाऊची पूड उचलली, "मग आधी ही?" पुन्हा "अं!", आणखी मोठ्याने.

इतकं वेड पांघरून मी जन्मात बसले नव्हते. आणि इतकी मजा!

२९ जुलै
"ना—" नाहीतलं अर्धं! कोंबड्यांना सोडून कुणाला सांगितलं नाही.

३ ऑगस्ट
कोलमन पिंपं मोजून गेला. एवढी बिअर गाव पिणार कशी, विचारत होता. म्हटलं, पोहून.

७ ऑगस्ट
उद्या शर्यती. पिंप ठेवायला जागा नाही, तरी पातेलं चढवलं. पाणी अजून कोमटसुद्धा नव्हतं, जवाचा पत्ता नाही, आणि मी शेवाळाची मूठ घेऊन वाकले. काठी वाजली नाही. वळले तर तो माझ्याकडे बघून हसत होता.

"मुद्दाम करतेस, म्हातारे."