टेबलावरचे हात

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची! बॅग अजून अर्धीच उघडली आहे, पण आजचं आजच लिहावंसं वाटतंय. चर्चने चालवलेलं हे म्हाताऱ्या बायकांचं घर मनात होतं त्यापेक्षा कितीतरी उजेडाचं निघालं. दोन मजले, अकरा आज्या, आणि त्यांना सांभाळायला आम्ही चौघी: सगळा कारभार बघणाऱ्या मोठ्या ताई, स्वयंपाकाच्या मावशी, नर्स आणि आजपासून मी. माझी खोली जिन्याला लागून आहे. पलंग करकरतो, पण खिडकीतून थेट उशीवर ऊन येतं.

प्रत्येक आजीच्या उशाशी पितळेची छोटी घंटा आहे. घंटा वाजली की जी मोकळी असेल तिनं जायचं, एवढाच नियम, असं मोठ्या ताईंनी सांगितलं.

जेवताना मावशींनी विचारलं की मी खातेच एवढंसं की लाजतेय. लाजतेय, म्हटलं. तर म्हणाल्या, मग लाज संपेपर्यंत वाढत राहते. खूप दिवसांनी पोटभर जेवले आणि हसलेही.

गुरुवार, ६

वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत बाई असतात. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, म्हणून सगळ्यांच्या त्या बाईच. डावं अंग गेलेलं, जीभ मात्र शाबूत. मी घातलेल्या चादरीकडे बोट दाखवून म्हणाल्या, नापास, पुन्हा कर. तिसऱ्यांदा केली तेव्हा पास झाले, तेही काठावर. त्यांना गिळायला त्रास होतो. पाठीला उशी लावून, उठवून बसवायचं आणि चमच्याचमच्यानं पाणी पाजायचं. आडवं असताना एक घोटही नाही.

आज एक गंमत झाली. बाईंची घंटा वाजली तेव्हा मावशी जिन्याच्या तोंडाशीच भाजी निवडत बसल्या होत्या. मान वर केली नाही. मी धावत जाऊन आले आणि विचारलं, तर हसल्या. म्हणाल्या, तुझे कान नवे आहेत गं अजून.

शुक्रवार, ७

इथली शुक्रवारची प्रार्थना वेगळी आहे. आठवड्यात काही चुकलं असेल तर सगळ्याजणी जेवणाच्या लांब टेबलावर हात ठेवतात. चर्चचे पाळकसाहेबही ठेवतात. मग मोठ्या ताई म्हणतात की आम्हा सर्वांकडून हे झालं, प्रभू, आम्हा सर्वांना क्षमा कर. त्यानंतर तो विषय पुन्हा काढायचा नाही. या वेळी खालच्या मजल्यावरच्या एका आजीचा पाय गरम पाण्याच्या पिशवीनं भाजला होता. पिशवी कोणी ठेवली हे कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही. कोणा एकीला तोंड लपवायची वेळ येत नाही, हे मला फार मायेचं वाटलं. मी नवी म्हणून हात न ठेवता नुसतीच बघत होते, तरी डोळे भरून आले.

नंतर त्या आजी पायाला फुंकर घाला, फुंकर घाला म्हणून विनवत होत्या. नर्स तिथेच उभी राहून औषधाच्या बाटल्या पुसत होती. मीच जाऊन फुंकर घातली.

मंगळवार, ११

नर्सशी वाजलं. मी म्हटलं, दिवसभर जिना मीच चढते, तुझे पाय काय पूजेला ठेवलेत? तिनं असं पाहिलं, जणू मी कोणत्या घंटांबद्दल बोलतेय तेच तिला कळलं नाही.

गुरुवार, १३

बाई गेल्या.

जसं घडलं तसंच लिहिते. दुपारचे अडीच वाजले होते. मी खोलीत पाय पसरून पडले होते. बाईंची घंटा वाजली. मनात आलं, आज जाऊ दे की त्या नर्सला, बघू तरी जाते का. पुन्हा वाजली. मी कूस बदलली. तिसऱ्यांदा बराच वेळ वाजत राहिली, मग थांबली. वाटलं, गेली वाटतं ती. बरंही वाटलं, जिंकल्यासारखं.

चार वाजता चहा घेऊन वर गेले. पेला पांघरुणात कलंडला होता. उशी ओली. त्यांनी आडव्यानंच पाणी प्यायचा प्रयत्न केला होता. तोंड उघडं होतं.

नर्स औषधं आणायला बाहेर गेली होती. सकाळी तिनं मला तसं सांगितलं होतं का, ते आठवायला नको वाटतं.

शुक्रवार, १४

टेबलापाशी मी म्हटलं की घंटा मला ऐकू आली होती. मोठ्या ताईंनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, अगं, एकटीनं कशाला उचलतेस एवढं, आपण सगळ्या मिळून उचलू. पाळकसाहेब म्हणाले की स्वतःला असं कोसत राहणं हाही एक प्रकारचा गर्वच.

मी हात ठेवला. मावशींचा हात माझ्या हातावर, ऊबदार. सगळ्यांच्या तोंडून एकच वाक्य. किती हलकं वाटलं! लहान मुलासारखी झोपले.

रविवार, १६

काल बाईंना पुरलं. मुलीला परदेशातून वेळेत येता आलं नाही.

घर फार शांत आहे. काल सकाळपासून एकही घंटा वाजली नाही. दुःखानं गप्प झाल्या असतील बिचाऱ्या.

बाईंचा आवाज आठवायला बसले. चादर आठवते, बोट आठवतं. आवाज येत नाही.

सोमवार, १७

शांत नाही. घर शांत नाही.

भाजलेल्या पायाच्या आजींच्या खोलीत टॉवेल ठेवायला गेले. त्यांच्या हातात घंटा होती. हलत होती. जोरजोरात. आतला लोलक आपटताना मला दिसत होता — आवाज नाही. त्यांचं तोंड हलत होतं. आवाज नाही. नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं. माझ्या चपलांचा आवाजही —

खोल्याखोल्यांतून फिरले. दहाही जणी. कोणी घंटा हलवतेय, कोणी हाक मारतेय, कोणी दमून नुसतीच बघतेय. पाळकसाहेब एकीच्या उशाशी मोठ्यानं स्तोत्र वाचत होते. ती त्यांची बाही ओढत होती, पेल्याकडे बोट दाखवत होती. ते वाचतच होते.

मी पाणी पाजलं.

मावशींना सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाल्या, सुरुवातीला चुकल्या-चुकल्यासारखं होतं पोरी, मग सवय होते. आजींचा पाय पोळला ती पिशवी त्यांनीच ठेवली होती. हेही सांगितलं — हसत नाही, रडत नाही — भाजीचा भाव सांगावा तसं.

रात्र

क्षमा मागितलीच नव्हती आम्ही. टेबलावर फक्त झाकून टाकलं, आणि त्यांच्या हाका ऐकू येणंही तिथेच संपलं. ज्यानं केलं त्यानं, जिचं वाईट केलं तिच्यापुढे — तेवढंच एक करायचं होतं. आणि बाई तर —

दर दहा मिनिटांनी उठून दहाही खोल्यांत डोकावतेय. कानांचा भरवसा नाही.

मंगळवार, १८

बाईंची मुलगी आलीय. खाली बसलीय. मोठ्या ताईंनी तिला सांगितलं, झोपेतच गेल्या, काही त्रास झाला नाही. आणि माझ्याकडे पाहिलं.

मुलगी माझ्याशी बोलली. ओठ हलले. काही नाही — काहीच ऐकू आलं नाही. हिचंही नाही.

पण काय विचारतेय ते कळलं. आई कशी गेली. दुसरं काय विचारणार.

मोठ्या ताईंनी टेबलाकडे खूण केली. पुन्हा हात ठेव. ठेवला तर हिचा चेहराही पुसट होईल. गोड झोप लागेल.

नाही ठेवत.

वही घेऊन तिच्यासमोर बसलेय. आता हे तिच्यासाठी लिहितेय. वाचा तुम्ही.

तुमच्या आईंनी तीनदा घंटा वाजवली. मी ऐकली. नर्स बाहेर गेली आहे हे मला माहीत होतं, तिनं सांगितलं होतं. रागानं पडून राहिले. त्यांना तहान लागली होती. दुसरं कोणी नाही. सगळ्यांनी नाही. मी. माफ करा असं म्हणायची माझी लायकी —

ती उठून आलीय, वाचतेय. माझ्या खांद्याशी. बोट ओळींवरून फिरतंय तिचं —

रडतेय.

ऐकू येतंय. देवा, ऐकू येतंय मला — आई, आई म्हणतेय —

आणि वर — सगळ्या घंटा — एकदम, दहाच्या दहा — किती दिवस वाजताहेत या — आले, आले हो, मी ये